परसाचा वास

आमच्या झाडीपट्टीत ळ नाही. देव अक्षरं वाटत होता तेव्हा आमचे पूर्वज बहुतेक धानाच्या बांधीत रोवणा करत असावेत; चिखलाच्या पायांनी पोचेपर्यंत ळ संपला. त्यामुळे आमच्याकडे डोळ्याचा डोरा होतो, शाळेची शारा होते, मासोळीची मासोरी आणि पळसाचा परस. मी शिकायला नागपूरला होते तेव्हा होस्टेलच्या पोरींनी हसून हसून माझ्या जिभेला ळ लावून दिला. वासूभाऊंच्या जिभेला तो त्यांच्या बायकोनं जन्मभर लावून पाहिला, पण लागला नाही. या माणसाबद्दल सांगायचं तर त्या अक्षरापासूनच सुरुवात करावी लागते, दुसरा इलाज नाही.

चामोर्शीला बाजाराच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आणि एका भिंतीपलीकडे वासूभाऊंचं अत्तराचं. दुकान म्हणजे काय, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत एक काचेचं कपाट, त्यात छोट्या कुप्या, खाली उदबत्तीचे पुडे आणि एका वाटीत धान. तांदूळ नव्हे, टरफलासकट धान. दिवसभर वास घेऊन नाक थकलं की वासूभाऊ त्या वाटीत नाक खुपसायचे, दोन मोठे श्वास ओढायचे आणि म्हणायचे, "हां, झाली पाटी कोरी." नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, या माणसाला आता काहीतरी होणार. मग मी भिंतीपलीकडून ओरडायची, "घाबरू नका हो, नाक धुऊन राह्यले ते!"

नाव वासुदेव, त्यामुळे वासावरून व्हायचे तेवढे विनोद गावात होऊन गेले होते. पण नाक मात्र खरंच भयंकर. मी सकाळी शटर वर करते न करते तोच पलीकडून आवाज यायचा, "झेरॉक्सबाई, आज डार लागली वाटते बुडाले." लागलेली असायचीच. कोणाच्या घरी ताप आहे, कोण काल पिऊन आला, कोणी पावसात भिजलेली वही वाळवून झेरॉक्सला आणली, सगळं त्यांना कळायचं. शेजारीण म्हणून सांगते, असं नाक भिंतीपलीकडे असणं म्हणजे डोक्याला ताप असतो. माझ्या नवऱ्यानं तर त्यांच्या दुकानासमोरून जायचंच सोडलं होतं.

त्यांचं घराणं तलावावर मासे धरणाऱ्यांचं. शाळेत त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे, पोरं नाक दाबायची. पुढे मार्कंड्याच्या जत्रेत एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं या पोराच्या मनगटावर खसचं अत्तर लावलं. "त्या दिवशी समजलं," वासूभाऊ सांगायचे, "का वास काई मानसाच्या हाडात नसते. लावता येते, काढता येते." मग ते त्या म्हाताऱ्याच्या मागे जत्राजत्रांतून फिरले आणि शिकले. स्वतः मात्र त्यांनी कधी अत्तर लावलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "आचारी कधी पंगतीत बसते का?"

मोगरा, गुलाब, केवडा ही फुलं आपला वास देतात. पण काही फुलं देतच नाहीत. कितीही उकळा, जीव गेला तरी वास सोडत नाहीत. आणि काहींना तर मुळात वासच नसतो. अशा फुलांना वासूभाऊ 'मुकं फूल' म्हणायचे. त्यांचं अत्तर करायचं तर त्या अत्तरात ते फूल नसतंच. दुसऱ्याच वस्तू जमवून ते मनानं उभं करायचं. "कमराच्या अत्तरात कमर नसते, झेरॉक्सबाई," ते सांगायचे. कमर म्हणजे कमळ, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. "बनवनाऱ्याच्या मनातलं कमर असते त्याच्यात."

"पण फूल मुकं, तर वास कसा समजते तुम्हाले?"

"पोरगी पाहाले जाते तवा काय करते? पोरीले इचारते का, बाई तू कशी आहेस म्हनून? तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्याले इचारते. तसंच. फूल कोनाजवर उभं राह्यते, त्याच्या बुडाशी काय पडते, त्याच्यापाशी कोन येते, हे इचाराचं. मंग फुलाचा सोभाव समजते."

थट्टा वाटेल, पण मी हे होताना पाहिलंय. जवळच्याच गावची एक मुलगी लग्न होऊन माजरीला गेली, कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा दुकानात येऊन म्हणाली, "भाऊ, शिंगाड्याच्या फुलाचं अत्तर भेटंल का? तिकडं दोरीवरचं लुगडंबी कारं होते. मले आमच्या तलावाचा वास पायजे." शिंगाड्याचं ते इवलं पांढरं फूल, त्याला वास तो कसला? मी तोंडावर हात ठेवून हसले. वासूभाऊ हसले नाहीत. तलावावर तर त्यांचं बालपण गेलेलं. पोळ्याला ती परत आली तेव्हा त्यांनी कुपी पुढे केली. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "छान हाये." वासूभाऊंनी तिच्या हातातून कुपी काढून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. मला राग आला. एवढी पोरगी छान म्हणतेय तर द्या की!

"छान म्हनलं का आपन हारलो," ते म्हणाले. "छान हे अत्तराले म्हनते. 'हेच' म्हनलं पायजे. हेच म्हनते तवा ते मानूस आपल्या मनातल्याले ओरखते."

दिवाळीला ती पुन्हा आली. या वेळी कापसाचा फाया नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि "हेच" म्हणून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून जी रडायला लागली ती मी पाणी दिलं तरी थांबेना. वासूभाऊ आपले धानाच्या वाटीत नाक खुपसून. तेही रडत होते, आणि ते दिसू नये म्हणून वाटी.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगते. त्या कराडकडच्या. नर्स म्हणून आमच्या दवाखान्यात बदलून आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांनी या अत्तरवाल्याशी लग्न केलं. कुठलं कराड आणि कुठली चामोर्शी! वडिलांनी निरोप धाडला की आमच्यासाठी तू मेलीस. त्या परत कधी माहेरी गेल्या नाहीत, कोणी बोलावलंही नाही. माहेरचं नाव काढलं की विषय बदलायच्या. बोलीसुद्धा टाकली त्यांनी. दवाखान्यात नि नवऱ्याशी पुस्तकी बोलायच्या, चारचौघींत 'मला'चं 'मले' केलं, भाकरीवरून भातावर आल्या, आमच्या बायकांत बसल्या की ओळखू येत नसत. माहेरचं एकच त्यांनी सोडलं नाही, ते म्हणजे ळ.

आणि नाव काय, तर कमळ! वासूभाऊ हाक मारायचे, "कमर!" भर बाजारात माणूस 'कमर, कमर' ओरडत निघाला तर लोक हसणार नाहीत तर काय?

"अहो, कमर दुखते. कमळ फुलतं," त्या म्हणायच्या. "जीभ वर टाळूला लावा. मागं वळवा. लागली?"

"लागली."

"आता म्हणा."

"कमर."

पदर तोंडाला लावून हसायच्या अगदी. शेवटी वासूभाऊंनी नाद सोडला आणि सगळं गाव म्हणतं तसं तेही 'सिस्टर' म्हणायला लागले. बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही. मूलबाळ झालं नाही त्यांना. थट्टामस्करी करत दोघंच राहिली.

सिस्टरचं गावात मोठं नाव होतं, आणि ते एकाच गोष्टीसाठी. त्या पेशंटशी खोटं बोलत नसत. बाकीच्या नर्स सुई टोचताना म्हणतात ना, काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल? या म्हणायच्या, "दुखेल. पण थोडाच वेळ." माझा हात कागद कापायच्या मशीनमध्ये सापडला होता तेव्हा टाके घालताना मी विचारलं, "सिस्टर, बोट वाकंल ना पहिल्यासारखं?" म्हणाल्या, "पहिल्यासारखं नाही वाकणार. पण वाकेल." आज ते बोट तेवढंच वाकतं. मरणाऱ्या माणसाचे नातेवाईकसुद्धा डॉक्टरांना सोडून त्यांना विचारायला यायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळा जीव सांदवाडीत घातला. सांदवाडी म्हणजे आमच्याकडे घरामागची जागा. तिथं त्यांनी लिंबाचं झाड लावलं, गवती चहा लावला, न्हाणीच्या पाण्याला पाट काढून त्यावर अळू लावलं. चुलीची राख एका कोपऱ्यात ढीग करून ठेवायच्या, त्या राखेनंच भांडी घासायच्या. मी म्हणायची, "सिस्टर, साबण महाग झाला का?" त्या नुसत्या हसायच्या. कुठलं झाड कुठं, यात कोणाचं ऐकायच्या नाहीत. वासूभाऊंनी एकदा तिथं केवडा लावायचा म्हटलं तर त्यांनाही हाकलून दिलं.

मग ते पोटाचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी थोडे दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणाले. सिस्टरनी रिपोर्ट स्वतः वाचला, घडी घालून ठेवला आणि वासूभाऊंना म्हणाल्या, "होळी होईल बहुतेक. पुढचं सांगता येत नाही." तेव्हासुद्धा खरंच बोलल्या. मागच्या खोलीत, सांदवाडीच्या दाराजवळ त्यांची खाट टाकली.

एक दिवस कराडहून फोन आला, धाकट्या बहिणीचा. इतक्या वर्षांनी पहिला. सिस्टर बराच वेळ बोलत होत्या आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून निजल्या. जेवल्या नाहीत की बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वासूभाऊ धावत माझ्या दुकानात आले. झेरॉक्सला लोक उभे, पण ते कोणाकडे बघायला तयार नाहीत.

"झेरॉक्सबाई! सिस्टर बोल्ली! मले परसातला वास पायजे म्हने!"

"परसातला?"

"आता समजलं का? परस म्हनली! तुमच्यावानी जीभ वाकवून नाई म्हनली, माह्यावानी म्हनली! जनमभर मले हसली, अन् आता पाहा, माह्याच तोंडानं बोल्ली!" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. दुकानातली माणसं बघत राहिली. मलाही भरून आलं. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस लाल पेटलेला. आमच्याकडे माघ-फाल्गुनात दुसरं काही दिसतच नाही. त्या बाईनं तेच मागितलं, आणि नवऱ्याच्या बोलीत मागितलं. यात मला तरी काही वावगं वाटलं नाही.

पण पळसाला वास नसतो. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. फुलं उकळून होळीचा रंग निघतो, पानांच्या पत्रावळी होतात, वास काही निघत नाही. मी म्हटलं सुद्धा, "वासूभाऊ, कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच. वास कुठून आणाल?"

"मुकं हाये म्हनून काय झालं? शेजाऱ्याले इचारतो ना."

आणि ते जंगलात जायला लागले. आजकाल आमच्या भागात मोहफूल वेचायला बायका जातात त्यासुद्धा घोळक्यानं जातात, वाघाच्या भीतीनं. हे एकटेच. पळसाखाली बसून राहायचे. मी ओरडले तर म्हणाले, "माह्यात काय खाले भेटते वाघाले?" येताना पिशवीत साल, डिंक, वणव्यात जळलेलं गवत, वाळला पाला, मूठभर तापलेली माती. फुलांवर मैना बसतात मध चोखायला, म्हणून मध. सगळं आणून मधल्या खोलीत मांडायचं, तेलात मुरवायचं, फाया करायचा आणि तो सिस्टरच्या नाकाशी न्यायचा.

"छान आहे," सिस्टर म्हणायच्या.

ते उठायचे आणि कुपी मोरीत ओतून टाकायचे. छान म्हणजे हार. आणि सिस्टर खोटं बोलणार नाहीत याची त्यांना खात्री. पुन्हा जंगल. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण फुलं हाताळून त्यांची बोटं पिवळी पडली आणि अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले. आजारी कोण आणि धडधाकट कोण, समजत नव्हतं.

एका दुपारी मी सिस्टरसाठी पेज घेऊन गेले. खोलीत उकाडा. खिडक्या बंद, सांदवाडीचं दार बंद, वर कडी. सिस्टर दाराकडे बघत होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "दार उघडा की जरा."

"थांब ना, सिस्टर," वासूभाऊ मधल्या खोलीतून म्हणाले. "बाहेरचा वास मिसरते त्याच्यात. परस बिघडते माहा. दोन दिवस दम धर."

सिस्टरनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते पाठमोरे बसले होते, कुप्यांवर वाकून, बोटांत फाया धरलेला. त्या बघतच राहिल्या. मला वाटलं परत काही मागतील. पण म्हणाल्या, "बरं. राहू दे." आणि मी दिलेली पेज दोन चमचे प्यायल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. मी तिथंच होते. वासूभाऊ हातात फाया घेऊन आले. सिस्टरनी तो हात धरला आणि फाया नाकाशी नेला. फाया, ती पिवळी बोटं, राखेनं भरलेली नखं, सगळं एकदम. डोळे मिटून घेतले.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच हो."

वासूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगू, माणसाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. शिंगाड्याच्या पोरीच्या वेळी वाटीत लपवला होता, या वेळी लपवला नाही. खाटेच्या पायथ्याशी बसून लहान पोरासारखे रडले. सिस्टर त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या.

होळीच्या आधीच त्या गेल्या. तो फाया त्यांच्या मुठीत होता. बायका मूठ सोडवायला लागल्या तर वासूभाऊ म्हणाले, "राहू द्या. तिचा हाये तो."

मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे. रडणं नाही, आठवणी नाहीत. "परसाले वास हाये. लोकं म्हनते नसते. सिस्टरनं ओरखला." कोणी मान डोलवायचं, कोणी माझ्याकडे बघायचं. एक मास्तर म्हणाले की शास्त्राप्रमाणे पळस निर्गंध, तर वासूभाऊंनी त्यांच्याशी तासभर वाद घातला. मी मास्तरांना डोळ्यांनी खुणावलं, जाऊ द्या. त्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता.

तेरवीला कराडची बहीण आली. मालनताई. नागपूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढे एसटीनं, एकटीच. ताईचं घर तिनं पहिल्यांदाच पाहिलं. पाहुणे गेल्यावर आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो, आणि वासूभाऊंनी तिलाही सांगायला घेतलं. किती अभिमानानं!

"तुमची ताई आखरीले माह्या बोलीत बोल्ली. 'मले परसातला वास पायजे' म्हनली. अन् मी देला तिले."

मालनताईनं तोंडावर पदर धरला. "मीच ओ, मीच करंटी! फोनवर तिनं विचारलं, परसात लिंबोणी आहे का गं अजून? मी सांगून बसले, आता परस कुठलं, दादानं तिथं खोल्या काढल्या म्हणून. सांगायला नको होतं मी."

वासूभाऊ गोंधळले. "परसात लिंबोनी? मंजे... झाडात झाड?"

"झाड नव्हं, भावोजी. परस. घराच्या मागची जागा. आमची लिंबोणी होती तिथं, गवती चहा, राखेचा ढीग, न्हाणीचं पाणी अळवात जायचं. ताई तिथंच बसून अभ्यास करायची, जेवायची, आईचा मार खाल्ला की तिथंच जाऊन बसायची. तुमच्यात काय म्हणतात परसाला?"

मग मीच म्हणाले, "सांदवाडी."

वासूभाऊ उठले. पळसाच्या अत्तरासाठी लावलेली दाराची कडी अजून कोणी काढलेलीच नव्हती. ती घट्ट बसली होती, त्यांना दोन्ही हातांनी ओढावी लागली. दार उघडलं.

लिंबाचं झाड फुललं होतं. मला काही वासूभाऊंसारखं नाक नाही, पण तो वास मलासुद्धा धडकला. लिंबाची फुलं, ओली माती, गवती चहा, राख, सगळं एकत्र. आम्ही दाराआड बसलो तेवढे दिवस ते झाड तिथं फुलतच होतं. खाटेपासून दार किती लांब? हात लांबवला असता तर लागलं असतं.

मालनताई त्यांच्या मागून आली आणि उंबऱ्यात थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हेच की हे."

वासूभाऊंनी तो शब्द ऐकला. मी त्यांच्याकडे बघायला नको होतं, पण बघितलं. ते उंबऱ्यावर बसले, दाराच्या चौकटीला धरून.

"उघड म्हनली होती, झेरॉक्सबाई. तुमच्यासमोर म्हनली होती."

"हो," मी म्हणाले.

"दारच उघडाचं होतं. बाकी काईच नाई. निरं दार."

मग त्यांनी मान वर केली. "मंग तिनं हेच काऊन म्हनलं? ती तं खोटं बोलत नव्हती ना?"

याचं उत्तर मला आजही देता येत नाही. कधी वाटतं, जन्मात एकदाच ती बाई खोटं बोलली, आणि ते या वेड्या माणसासाठी. कधी वाटतं, त्या पिवळ्या बोटांना, त्या राखेला, त्या घामाला नाक लावून ती खरंच 'हेच' म्हणाली असेल. वासूभाऊंना मी यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही.

वर्षभर दुकान बंद होतं. मधेच कधीतरी भिंतीपलीकडून पुटपुटल्याचा आवाज यायचा, एकच शब्द पुन्हा पुन्हा. मला वाटायचं, नामस्मरण करतात. बरं, म्हटलं, तेवढाच जीवाला आधार.

या फाल्गुनात त्यांनी दुकान पुन्हा उघडलं. आता पुढचं दार, मधलं दार, सांदवाडीचं दार, सगळी सताड उघडी असतात. वारा आरपार जातो, अत्तरं उडून जातात, कुप्यांवर धूळ बसते. मी सांगितलं तर म्हणाले, "उडू द्या." धानाची वाटी कपाटात दिसत नाही. नाक धुवायचं कारण उरलं नाही म्हणाले.

परवा आठवडी बाजार होता. कॉलेजातली एक मुलगी त्यांच्या कपाटासमोर उभी राहिली आणि तिनं मागच्या रांगेतली एक कुपी उचलली. मी झेरॉक्स काढत होते.

"काका, हे कशाचं हाये?"

वासूभाऊंनी तोंड थोडं उघडलं, जीभ टाळूला लावली, मागे वळवली. मला दिसत होतं.

"पळस," ते म्हणाले.

स्वच्छ ळ! मशीनमधून कागद पडत राहिले, माझं लक्षच नव्हतं. वर्षभर ते काय पुटपुटत होते ते मला तेव्हा कळलं, आणि माझे डोळे भरून आले.

मुलगी हसली. "काहीपण सांगता काका. पळसाले कुठी वास असते?"

मी वाट बघत राहिले. आधीचे वासूभाऊ असते तर आता तासभर वाद चालला असता, धान आलं असतं, मैना आल्या असत्या, सिस्टर आल्या असत्या. त्यांनी तिच्या हातातून कुपी हळूच घेतली, बूच लावलं आणि परत मागच्या रांगेत ठेवून दिली.

"नसते, बाई," ते म्हणाले. "एकीले आला होता."